विमानाच्या नळीतली काडी

खंडेनवमीला अवजारांवर झेंडू वाहिलेले दिसले, की ती धावपट्टी अजून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. राहात्याजवळ एका बागायतदाराची खासगी धावपट्टी होती. सुट्टीच्या दिवशी आसपासची माणसं तिथे सहलीला यायची. झोपाळे, भेळ आणि छोट्या विमानातून एक फेरी. मी नुकतीच फौजदार झाले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, ठाण्यात सर्वांत कमी बोलणारी.

दसऱ्याला दुपारी खबर आली. हवेत गेल्यावर विमानाचा वेग दाखवणारा काटा हललाच नाही. आत दोन प्रवासी होते. वैमानिकाने अंदाजाने कसेबसे विमान उतरवले. विमानाची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने घातपात केला, अशी त्याची फिर्याद होती. दोन दिवसांपूर्वी त्याने मिस्त्रीला चारचौघांत झापले होते आणि मिस्त्री "बघून घेईन" म्हणाला होता.

"जबाब घ्या. संध्याकाळी अटक दाखवू," ठाण्यातल्या साहेबांनी फर्मावले.

मिस्त्री एकच सांगत राहिला. "बाईसाहेब, काल खंडेनवमी हुती. हत्यारं पूजेला मांडली, तवापासून पान्याला हात लावला न्हाई."

मी जाऊन पाहिले. पाटावरच्या पान्यांवरचे हळदकुंकू जराही पुसलेले नव्हते. पण तेवढ्यावर माणूस सुटत नाही.

मी पंचांना बोलावत होते, तेवढ्यात धावपट्टीवरच्या चहावाल्या मावशींनी मला बाजूला घेतले.

"बाई, काल इमानाचीबी पूजा केली मी. उदबत्ती खोवाया जागा घावंना. मग पंखाखालच्या नळीत खोवली. त्यानं काय झालं न्हाई ना?"

मी मिस्त्रीला विचारले, तर त्याच नळीत वारा शिरला, की वेगाचा काटा हलतो, असे कळले. पंचांसमक्ष मिस्त्रीने चिमट्याने नळीतून जळकी काडी ओढून काढली. अजून मोगऱ्याचा वास येत होता.

वैमानिक मला इंग्रजीत म्हणाला, की विमानातले तुम्हाला काय कळणार. मी विमानातली माहितीपुस्तिका मागवली, पान काढले आणि इंग्रजीतच मोठ्याने वाचले. मग पंचांना मराठीत सांगितले, "उडण्याआधी ही नळी मोकळी आहे का, हे वैमानिकाने स्वतः पाहायचे असते."

"पाहिली होती?" मी विचारले.

तो हातातली टोपी झटकू लागला. म्हातारे पंच म्हणाले, "गाडी जुपायच्या आधी आमी सुदिक जू बघतो, सायेब!"

सगळे हसले. मिस्त्री मात्र रडत होता.

अटक झाली नाही. पंचनामा वाचून साहेब एवढेच म्हणाले, "तुम्ही बोलता की हो!"

रागात निघालेला शब्द म्हणजे गुन्हा नव्हे, हे मी तिथे शिकले. पुढे कितीही तपास केले, तरी संशयिताच्या बोलण्याआधी त्याच्या कामाची जागा पाहिली.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रीने आग्रहाने बोलावले. विमानापुढचा नारळ त्याने माझ्या हातून फोडून घेतला. मावशींनी या वेळी उदबत्ती केळ्यात खोवली होती. आणि वैमानिक, कुणी न सांगता, वाकून नळी पाहत होता.