धुवायचे नसलेले मणी

दादांना साचलेली घाण खपत नसे. आमचा चहा संपतो न संपतो तोच त्यांचा कप विसळून पालथा पडलेला असायचा. अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात ते केमिस्ट होते आणि मी त्यांचा जोडीदार. फाळणीत सिंधमधून आलेल्या या माणसाचं खरं नाव फक्त हजेरीबुकात होतं; आम्हा सगळ्यांचे ते मणीवाले दादा.

मणी म्हणजे मोहरीएवढे, पिवळसर, प्लॅस्टिकचे. अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. दादा ते तेजाबात शिजवत. मग पाण्यातले क्षार त्यांना चिकटत आणि बॉयलरला साफ पाणी मिळे. संध्याकाळी मिठाचं पाणी सोडलं की मणी धरलेलं सगळं सोडून देत. "साईं, जो सोडतो तोच उद्या कामाला येतो," असं दादा तोटी फिरवताना म्हणत. मणी धुतल्याशिवाय ते कधी घरी गेले नाहीत.

घर तरी कसलं! उल्हासनगरच्या कॅम्पात अर्धी खोली, गोणपाटाच्या पडद्यापलीकडे दुसऱ्यांचा संसार. बायको अजमेरला भावाकडे. स्वतःचं दार असलेली जागा मिळाली की तिला आणायचं, एवढाच एक ध्यास. तिच्यासाठी दुसरी खाट त्यांनी आधीच घेऊन भिंतीशी उभी करून ठेवली होती. रविवारी मी बदलापूरहून गेलो तरी ती आडवी करू देत नसत. मी आपला जमिनीवर बसे.

एकदा मुंबईहून अणुसंशोधनातले साहेब आले. सोबत बरणीत किंचित किरणोत्सारी पाणी आणि किरणं मोजणारं, टकटकणारं यंत्र. मण्यांनी ते पाणी साफ केलं तर दादांना तिकडे नोकरी आणि क्वार्टर मिळणार होतं. पाणी मण्यांतून खाली उतरलं, यंत्र गप्प राहिलं. साहेब चहाकडे वळले आणि दादांचा हात सवयीनं मिठाच्या पाण्याच्या तोटीवर गेला. खालच्या बादलीपाशी यंत्र टकटकू लागलं. पकडलेलं सगळं परत पाण्यात आलं होतं. असले मणी धुवायचे नसतात, पिंपात बंद करून पुरायचे असतात, एवढं सांगून साहेब निघून गेले. नोकरी हुकली, क्वार्टरही.

पुढल्या वर्षी पुन्हा चाचणी झाली. या खेपेला दादा दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले आणि मणी पास झाले. पण मधल्या थंडीत अजमेरहून बायको अत्यवस्थ असल्याची तार आली होती. दादा पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं.

क्वार्टरची किल्ली मिळाली तेव्हा मी सामान बांधायला गेलो. एक ट्रंक, स्टोव्ह, दोन खाटा. ट्रकवाला म्हणाला, एकट्याला दुसरी खाट कशाला, इथंच देऊन टाका कुणाला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. दादा बराच वेळ खाटेचं सुंभ चाचपत राहिले.

"साईं, सगळेच मणी धुवायचे नसतात."

मग आम्ही दोघांनी ती खाट ट्रकवर चढवली, त्यांनी सांगितली तशी, उभीच.