घंटागाडीचा देसकार

आमच्या वाशिमकडच्या मालेगावात असा एकही सूर नसेल, जो आमच्या पेटीमास्तरांनी बोट धरून घरी नेला नाही. आणि अशा माणसाला भर मैफलीत गप्प करण्याचं पाप माझ्या नावावर आहे. आधी तेच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

मास्तर आमच्या समोर राहतात, पेटी शिकवतात आणि कानावर पडेल ती चाल रागात बसवतात. शेलूबाजारच्या जीपचा मागे सरकतानाचा भोंगा त्यांनी तराण्यात घातला. कुल्फीवाल्याची घंटी त्यांच्या झपतालात वाजते. एकदा एका लग्नात वरातीचा बँड वळणापलीकडे गेला, तेव्हा अंतरा ऐकायचा राहिला म्हणून हे ताटावरून उठून धावले. जेवण पुरं केलं ते दुसऱ्याच लग्नात, आणि तिथल्या मठ्ठ्याची तारीफही करून आले.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, ही तर चोरी झाली."

"कायची चोरी बाप्पा? मांड, पहाडी हे राग काय आभायातून पडले? लोकायच्या तोंडातलंच जुन्या बुवायनं उचललं, धुतलं, अन् रागाचा सदरा घातला. मी बी तेच करून राह्यलो."

गेल्या हिवाळ्यात, सकाळच्या मैफलीत, साठी उलटलेले मास्तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बंदिश लोकांपुढे गायला बसले. राग देसकार, शब्दही त्यांचेच: "झाड रे मना, आतला केर." वाशिमचे दोन जाणकार पुढे मान डोलवत होते. चाल समेवर आली आणि मला ओळख पटली. ही तर आमची कचऱ्याची घंटागाडी! मला राहवलंच नाही. ओरडलो, "बादल्या आना हो, गाडी आली!"

सभागृहात हशा फुटला. तिसऱ्या रांगेतल्या एक काकू तर सवयीने अर्ध्या उठल्यासुद्धा. मास्तरांनी भाता मिटला, पेटीवर रुमाल टाकला आणि ते घरी गेले.

त्यानंतर रोज सकाळी गाडी गल्लीत वळली की मास्तर खिडकी लावून घेत. जीपच्या भोंग्याकडेही त्यांची मान वळेना. "तुमाले सोताले गाता येते काय?" माझी बायको मला म्हणाली. "मंग येते त्याले काहून बंद केलं?"

परवा सकाळी बादली घेऊन उतरलो. गाडी मास्तरांच्या दारापुढे थांबली, तसा तिच्या चालीवर अख्ख्या गल्लीदेखत गायला लागलो, "झाड रे मना..." माझा आवाज म्हणजे सोयाबीन काढणारं मळणीयंत्र. गाडीवाल्याने घाबरून खाली उतरून चाकं तपासली. मी दुसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा खिडकी वीतभर उघडली.

"मध्यम कायले लावून राह्यला बे? देसकारात मध्यम नसते!"

बादली हातातच होती. म्हणालो, "मास्तर, चुकलो. चाल ओळखू आली, त्या खुशीत भलतंच ओरडलो. लय आवडली होती, तेवढंच सांगाचं राहून गेलं. माफ करा मले."