लाटण्याने दाबायचं बटण

आज सकाळी बायकोने कणकेच्या हातानेच स्वयंपाकघरातला दिवा लावला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. परवाच घरातल्या सगळ्या वायरी बदलल्या आहेत.

इतकी वर्षं ते बटण झटका द्यायचं, म्हणून ती ते लाटण्याने दाबायची. विसरली की मी ओरडायचो. पण वायरिंग मी स्वतः केलेलं, त्याला कोणी नावं ठेवलेली मला खपत नसत. परवा वायरमनने भिंतीवरची लाकडी पट्टी उचकटली, तर वायरीवरचं रबर पापडासारखं चुरलं. आत नुसती उघडी तार. मी त्याला घरभरच्या वायरी बदलायला सांगितल्या. माणूस भीतीलाही घरचीच करून घेतो, तिच्यासाठी एक लाटणं बाजूला ठेवतो.

"काय हो, आज ओरडला नाहीत?" बायकोने विचारलं.

"घसा बसलाय," मी म्हटलं आणि चहा मागितला.