शेख सरांचं पुस्तक

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. महिन्यापूर्वी शेख सरांच्या मुलीचा, सलमाचा, फोन आला, "काका, अब्बा गेले," आणि टाळायला काही उरलं नाही...

नव्वदचं दशक संपताना विश्रांतवाडीत आम्ही दोघं इंग्रजीचा क्लास चालवत होतो. पुण्यात कॉम्प्युटर कंपन्या येत होत्या. अकोला-यवतमाळकडची मुलं खोल्या घेऊन मुलाखतींची तयारी करायची. प्रवेश आणि जाहिराती मी बघायचो, शिकवायचे सर. अर्जात प्रत्येकाला काहीतरी सुधारायचं असायचं आणि शब्दकोशात त्यासाठी डझनभर शब्द. सर म्हणायचे, शब्द उचलण्याआधी विचारा, आधी काय होतं? एकानं लिहिलं होतं, मला कंपनीचं काम इम्प्रूव्ह करायचं आहे.

"म्हणजे सध्या ते धड चाललेलं नाही, असं मालकालाच कळवताय."

"मग एन्हान्स लिहू, सर?"

"ते मुळात चांगल्याला. चहा उत्तम झालाय, वर वेलदोडा घातला, तर एन्हान्स. साखरेऐवजी मीठ पडलं असेल, तर आधी रेक्टिफाय करा. वेलदोडा राहू द्या."

सरांच्या या टिपणांचं पुस्तक करायचं ठरलं. सुधारणेचे शब्द बाराव्या पानावर आले. छापखानेवाल्यानं लेखकाचं नाव विचारलं, तेव्हा तिथे मी एकटाच होतो. माझंच सांगितलं. क्लासची पाटी माझ्या नावाची आहे, अशी मनाची समजूतही घातली. सरांनी मुखपृष्ठ पाहिलं, मग पान चाचपलं.

"कागद चांगला आहे हो, आपटे."

पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव टाकू, असं मी पुटपुटलो. आवृत्त्या निघत गेल्या, नाव टाकायचं राहिलं. सर वर्गात म्हणत राहिले, "आपटे सरांच्या पुस्तकाचं पान बारा काढा."

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्या कात्रजच्या घरी गेलो, खिशात माफीचा कागद घेऊन. त्यांची नजर अधू झाली होती. कागदाची सळसळ ऐकून त्यांनी विचारलं, "वाचून दाखवायला काही आणलंय का?" मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि तेच वाचत बसलो...

परवा सलमानं सरांची प्रत आणून दिली. आत छपाईच्या चुका पानोपानी लाल शाईनं दुरुस्त केलेल्या. मुखपृष्ठावर मात्र एक रेघही नाही.

ते पुस्तक शेख सरांनी लिहिलं, मी नाही. खिशातला तो कागद आता बाराव्या पानात ठेवला आहे. त्याची पहिली ओळ अशी: सर, आधी चांगलंच होतं, बिघडवलं ते मी.