मिलचे तास

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे आमचा छोटा कारखाना आहे. दातांच्या कॅप ज्या पांढऱ्या सिरॅमिकच्या बनतात, त्याची पावडर आम्ही पाण्यात दळतो. आडवं गोल पिंप, त्यात पावडर, पाणी आणि बोराएवढ्या कठीण गोळ्या. हे पिंप, म्हणजे आमची मिल, प्रत्येक बॅचसाठी चोवीस तास फिरते. मग नमुना तपासून सही करायची, हे माझं काम.

त्या दिवशी पहाटे चार तास वीज नव्हती. जनरेटरवर ऑफिस आणि लॅब चालते, मिल नाही. सकाळी नमुना कण मोजायच्या मशीनवर लावला, तर ग्राफवर बारीक कणांच्या उंचवट्याशेजारी जाड कणांचा दुसरा उंचवटा. असा माल भट्टीत गेला की कॅपमध्ये बारीक तडा राहतो, आणि तो उघडतो कुणाच्या तरी तोंडात, चावताना.

आमचे मॅनेजर पुण्याचे, माझ्याहून लहान. "मॅडम, चोवीस तास झालेत. गाडी दारात उभी आहे."

"घड्याळाचे झाले. मिलचे वीसच झाले."

"मग मागच्या बॅचचा ग्राफ लावा ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

ते हसले. मी हसले नाही, तसा त्यांचा आवाज चढला. "व्हा बाजूला. मीच सही करतो."

"करा. पण आधी मी लिहिणार."

रजिस्टर ओढून मी इंग्रजीत लिहिलं, 'माल तयार नाही', आणि खाली तेच कन्नडमध्ये. मी निपाणीची, दोन्ही भाषा घरच्याच. अक्षर मी मुद्दाम मोठं काढलं.

मिल चालवणारे अण्णा माल काढायच्या तयारीत उभे होते. कंत्राटावरचा माणूस, नाही म्हणणं त्यांना माझ्याहून महाग पडलं असतं. त्यांनी कन्नड ओळ वाचली. झाकण उघडून थोडं दळण चिमटीत चोळलं. इतक्या बारीक मालाचं बोटाला काही कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"अजून स्वल्प पाहिजे, अक्का," ते म्हणाले. झाकण आवळून त्यांनी मिल पुन्हा सुरू केली.

मॅनेजर सही न करताच केबिनमध्ये निघून गेले. गाडी रिकामी परत गेली. संध्याकाळी ग्राफवर एकच उंचवटा आला आणि मी सही केली.

शाबासकी कुणी दिली नाही. पुढच्याच आठवड्यात मला स्टोअरमध्ये बसवलं. पोती मोजा म्हणाले, मोजली. माफीचं पत्र द्या म्हणाले, ते दिलं नाही. अण्णांना मात्र हात लावला नाही, कारण ती जुनी मिल दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती.

तीन महिन्यांनी लॅबमध्ये परत बोलावलं. माझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, माझ्या जागी आणलेला नवीन माणूस टिकला नाही म्हणून. मॅनेजर म्हणाले, "आता तरी जरा ॲडजस्ट करा."

"मशीन ॲडजस्ट करून घेते," मी म्हणाले, आणि नमुना मागवला.