जावई रुसेना

दिवाळसणाला जावई रुसतो. आमच्याकडे सासरे रुसले.

दोष एका पुस्तकाचा. नांदुऱ्याच्या स्टेशनावर मी मन जिंकायला शिकवणारं पुस्तक घेतलं. (स्वतःचं मन. दुसऱ्याचं जिंकायचं संपलं होतं.) ज्याचा आनंद दुसऱ्याच्या हातात तो गुलाम, असा पहिला धडा होता. दुसऱ्या धड्यात, सगळी माणसं आतून एकसारखीच, असं काहीतरी होतं. सासुरवाडीला, म्हणजे साखरखेर्ड्याला, एसटी पोचेपर्यंत माझा दीड धडा झाला आणि मी पार मुक्त झालो.

आता पहिल्या दिवाळीची रीत अशी, की जावयाने भरल्या ताटापुढे तोंड फुगवून बसायचं, सासऱ्याने समजूत काढायची, खिशातून वस्तू द्यायची आणि मगच पहिला घास. सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात मनगटी घड्याळ होतं. हे मला, माझ्या बायकोला आणि ओसरीवर जमलेल्या भावकीला ठाऊक होतं. घड्याळ मला हवंही होतं. पण मुक्त माणसाला घड्याळ कशाला?

ताट आलं. मी बासुंदीची वाटी उचलली आणि पिऊन टाकली.

सासऱ्यांचा खिशाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"जवाईबापू, काही राह्यलं का?"

"काहीच नाही मामा. सारं झ्याक हाय."

"नाही, मनात काही?"

"मन रिकामं हाय." मी अनारशाला हात घातला.

दाराआडून सासूबाई कुजबुजल्या, "लयच राग आला वाटते. बोलूनबी नाही दाखवत." आणि त्यांनी आणखी अनारसे पाठवले. राग नाही हे दाखवण्यासाठी मला ते खावे लागले. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने सासऱ्यांना विचारलं, "घड्याळ हलकं आणलं काय बे?"

सासऱ्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. "जवाई रुसत नाही, तवर मी जेवत नाही."

शांता, म्हणजे माझी बायको, भजी वाढायला वाकली. "काऊन असं करून राह्यले तुम्ही? तुमची समजूत कशी काढाची, हे बाबा सकाळपासून आईसमोर म्हणून पाहून राह्यले."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. एवढा मिशीवाला माणूस खाली मान घालून सारलेल्या ताटातली भाताची शितं चिवडत होता. मला फार वाईट वाटलं. कुणीतरी आपली समजूत काढावी, असं त्यांनाही वाटत होतंच की. उरलेला अर्धा धडा मला तिथे कळला.

मी चाटूनपुसून साफ केलेलं ताट दूर ढकललं. "मामा, मी रुसलो."

"आता? काऊन?"

"तुम्ही जेवत नाही म्हणून."

सासरे आधी चमकले, मग असे हसले की त्यांना ठसका लागला. घड्याळ त्यांनी स्वतः माझ्या मनगटावर बांधलं. मी पुस्तकाचं सारं सांगून टाकलं, तेव्हा म्हणाले, "आणा बरं ते पुस्तक इकडे."

पुढे धोंड्याचा महिना आला. जावयाच्या मानपानाचाच महिना तो! या खेपेला मला सायकल हवी होती. मी कसलीही हयगय केली नाही. एसटीतून उतरतानाच तोंड फुगवलं आणि ताटाला बोटही लावलं नाही.

सासरे मजेत जेवत होते. त्यांनी पुस्तक पुरतं वाचलं होतं.

"जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले, "आपला आनंद दुसऱ्याच्या हातात देऊ नये." आणि त्यांनी माझ्या ताटातला पुरणाचा धोंडा उचलून खाल्ला.

त्या दिवशी मी किती वेळ रुसून बसलो, हे मला अगदी बरोबर सांगता येतं. मनगटावर घड्याळ होतं.