वहिनीच्या डब्यातलं गाजर

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या शिलाईच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दुपारी ती जीभ मी घरी ठेवून आले असते तर बरं झालं असतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी मशीनवर बाह्या जोडते, ती मोठ्या टेबलाशी उभी राहून कापड कापते. जिन्यावरून पडल्यापासून दादा अंथरुणाला खिळलाय आणि सगळं घर वहिनीच्या कात्रीवर चालतं. सकाळी दादाचं आवरता आवरता तिला डब्यासाठी वेळ उरत नाही. म्हणून रोज एकच सॅलड: कोबी, गाजर, काकडी, आदल्या दिवशी उकडून ठेवलेले मूठभर चणे, वर मीठ आणि लिंबू. स्वस्त आणि पोटाला आधार.

पण चिरायची असं की कोबीची एक काडी दुसरीहून जाड सापडणार नाही. आमच्या मास्तरांचं एक खूळ आहे. कापणाऱ्याचा हात त्याच्या डब्यात दिसतो म्हणतात, आणि जेवणाच्या सुट्टीत येता-जाता डब्यात डोकावतात. वहिनीला कामावर ठेवलं तेही डबा बघूनच.

त्या दुपारी तिच्या डब्यात गाजराचे ओबडधोबड तुकडे. एक अंगठ्याएवढा, तर एक बोराएवढा. मी म्हटलं, "वहिनी, गाजर चिरलंस की लाकडं फोडलीस?" सगळ्या हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एक तुकडा उचलून निरखला आणि परत ठेवला.

घरी जाताना वहिनी कोपऱ्यावर थांबली. "दिसत नाही गं मला," म्हणाली. "दोन महिने झाले, रोज वाढतच चाललंय. ज्याच्याकडे बघावं ते मधोमध पुसलं जातं, नुसत्या कडा उरतात. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही. नेहमीची मापं सवयीनं कापते. मास्तरांना कळलं तर काय करू?"

घरातल्या माणसाच्या पोटावर मीच पाय दिला होता, तोही हसत हसत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या घरी गेले, सुरी हातातून काढून घेतली आणि सगळं मीच चिरलं. जन्मात इतकं बारीक चिरलं नव्हतं. "ही लबाडी झाली," ती म्हणाली. "झाली तर झाली," मी म्हटलं. आतून दादा विचारत होता, "नणंद-भावजयीचं काय खलबत चाललंय?"

दुपारी मास्तर आले. डबा बघून त्यांचा चेहराच बदलला. "मी उगाच शंका घेतली," म्हणाले. "वहिनी, लग्नाच्या पोशाखाचं रेशीम आलंय. बिघडलं तर दुसरं मिळायचं नाही, म्हणून कुणाला देत नव्हतो. तुम्हीच कापा."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं.

पांढऱ्या रेशमावर फिकट खडूची रेघ, आणि माप नवीन. मास्तर दोन पावलांवर उभे. वहिनीनं हाक मारली, "कापड धर गं जरा." जवळ गेले तशी पुटपुटली, "रेघेवर बोट ठेव आणि सरकवत राहा. बोट दिसतं मला कडेकडेनं."

"आणि कात्री बोटावर आली तर?"

"थांबू नकोस."

मी बोट ठेवलं. कात्री मागून येत राहिली, मी सरकत राहिले. वळणावर जरा उशीर झाला. मी ओठ दाबला, बोट कापडावरून उचललं आणि दुसरं ठेवलं. रेघ संपली तेव्हा काप सरळ होता आणि रेशीम स्वच्छ होतं.

"उद्यापासून सगळं रेशीम तुमच्याकडेच," मास्तर म्हणाले आणि खूश होऊन निघून गेले.

वहिनीनं कात्री खाली ठेवली. "कात्रीला काहीतरी लागलं मघाशी. तुला कापलं का गं?"

बोट मी तिच्या तोंडासमोरच धरलं होतं. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"नाही," मी म्हटलं. तिनं त्या बोटाकडेच बघत सुटकेचा श्वास सोडला.